शाळेच्या मैदानावर विक्सबर्गचा मोर्चा कसा उभारावा

शालेय प्रदर्शनात वेढ्याचा देखावा करायचा ठरला की पुठ्ठ्याची तोफ आणि लाल रंग यांपलीकडे विचार क्वचितच जातो. सोलापुरातील एखाद्या शाळेला अमेरिकेच्या यादवी युद्धातील विक्सबर्गचा वेढा दाखवायचा असेल, तर तोफ बाजूला ठेवून फावडी, टिकाव आणि घमेली आधी जमवावीत. १९ आणि २२ मे १८६३ रोजी उत्तरेच्या सैन्याने केलेले दोन्ही हल्ले फसले, तेव्हा सेनापती ग्रँटने मिसिसिपी नदीकाठच्या, दक्षिणेच्या ताब्यातील या गावाला वेढून मोर्चे, म्हणजे आडोशाचे चर, खणत पुढे सरकण्याचे ठरवले, आणि ४ जुलैच्या शरणागतीपर्यंत सैनिकाच्या वाट्याला मुख्यतः माती उपसणे, ऊन सोसणे आणि डोके खाली ठेवणे हेच आले. देखाव्यात दिसायला हवे ते हेच.

जागा निवडताना मातीचा विचार सर्वांत आधी करावा. विक्सबर्गच्या टेकड्या वाऱ्याने साचलेल्या बारीक, पिवळसर लोएस मातीच्या आहेत. ही माती उभी कापली तरी ढासळत नाही, म्हणूनच सैनिकांना खोल चर खणता आले आणि गावकऱ्यांना उतारात गुहा कोरून तोफगोळ्यांपासून बचाव करता आला. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि कडेने सुटते, त्यामुळे तिच्यात खोल चर खणून मुलांना उतरवणे धोक्याचे आहे. मुरमाड जागा पाहावी, दीड फुटापेक्षा खोल जाऊ नये आणि बाकीची उंची जमिनीवर भर घालून मिळवावी. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी आपल्या भुईकोटाला वेढा घातला होता, त्यामुळे तिथेच देखावा करण्याचा मोह होईल. परंतु किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे कुदळ लावू नये.

आखणी फक्कीने करावी. मैदानाच्या एका टोकाला शत्रूच्या बुरुजाची जागा म्हणून काठी रोवावी आणि तिच्याकडे जाणारा चर नागमोडी काढावा. प्रत्येक वळणाची परीक्षा सुतळीने होते: काठीला बांधलेली सुतळी ताणून चराच्या तोंडाशी आणावी, ती चराच्या लांबीतून सरळ आत शिरत असेल, तर बुरुजावरच्या बंदुकीची गोळीही तशीच शिरली असती, म्हणून तो कोन पुन्हा आखावा. उपसलेली माती नेहमी शत्रूच्या बाजूला टाकावी. या कामाला मुलांना भरपूर वेळ द्यावा, कारण वेढ्याचे सगळे गणित इथेच उलगडते.

चराच्या कडेला बिनबुडाच्या, कणगीसारख्या टोपल्या उभ्या करून त्यांत माती भरत. विक्सबर्गला रानवेली वापरल्या गेल्या, तसेच बारीक बांबूंची पेरे लाकडी मोगरीने चेचून ते विणण्याजोगे केले गेले. डिसेंबर-जानेवारीत तुरीची काढणी होत असल्याने आपल्याकडे तुराट्या सहज मिळतात. त्या ओल्या करून विणाव्यात. चर खणणाऱ्यांच्या पुढे एक जाडजूड विणलेले लोळणे ढकलत नेत आणि गोळी आरपार जाऊ नये म्हणून त्यात कापूस ठासत. दक्षिणेच्या सैनिकांनी पेटत्या गोळ्या झाडून असे एक लोळणे जाळलेही. सोलापुरात त्यासाठी यंत्रमागाच्या कारखान्यातील वाया गेलेले सूत मागून आणावे. या युद्धाने अमेरिकी कापूस अडला आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले, हे गिरण्यांच्या या शहरात फलकावर लिहायलाच हवे. अभियंते कमी असल्याने ग्रँटने सैनिकी विद्यालयात शिकलेल्या सर्वच अधिकाऱ्यांना या कामाला जुंपले होते; त्याच्या अंगाने स्थूल रसदप्रमुखाने मात्र, लोळणे म्हणून उपयोगी पडलो तरच, नाहीतर या कामात आपला काही उपयोग नाही, असे सांगून सुटका करून घेतली.

मातीच्या भरावावर पोती रचून मध्ये बंदुकीपुरती फट ठेवावी. शत्रूने गोळी झाडावी म्हणून काठीवर टोपी चढवून ती वर उचलण्याचा खेळ सैनिक खरोखर खेळत. तो मुलांना करू द्यावा. तोफ दाखवायचीच असेल तर लाकडाचा ओंडका पोखरून त्याला लोखंडी पट्ट्या आवळलेली उखळी तोफ, म्हणजे गोळा उंच उडवून तटापलीकडे टाकणारी आखूड तोफ, दाखवावी, कारण ग्रँटच्या भूदलाकडे उखळी तोफा नव्हत्या आणि त्यांनी अशाच बनवून घेतल्या होत्या.

खाण्याचा भाग थोडक्यात आटोपता येतो. अडकलेल्या शिबंदीला चवळीच्या पिठाची भाकरी मिळे, जी बाहेरून टणक आणि आतून कच्ची राही. शेवटी खेचराचे मांसही खाल्ले गेले. चवळी दळून अशी एक भाकरी भाजून ठेवावी. रात्री दोन्ही बाजूंचे पहारेकरी एकमेकांशी बोलत आणि तंबाखू, कॉफी यांची देवघेव करत, हा प्रसंग दोन मुलांकडून करवून घेता येईल. २५ मेचा मृतांना पुरण्यासाठीचा तात्पुरता युद्धविरामही संवादात आणावा.

फलकावर सेनापतींच्या नावांआधी एक गोष्ट लिहावी: दक्षिणेची तटबंदी उभारण्यासाठी गुलामांना राबवले गेले होते, आणि उत्तरेच्या चरांतही मुक्त झालेले कृष्णवर्णीय खणत होते. त्याखाली उत्तरेने २५ जूनला उडवलेला सुरुंग आणि दक्षिणेच्या सुमारे २९,५०० सैनिकांची शरणागती नोंदवावी. प्रदर्शन संपले की त्याच संध्याकाळी चर बुजवून माती धुमसाने ठोकून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला कुणाचा तरी पाय मुरगळेल.