स्पीकर बदलण्याआधी या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या नव्या घरांत दहा बाय बारा फुटांचा हॉल सर्रास दिसतो. डोक्यावर स्लॅब, पायाखाली गुळगुळीत टाइल्स, भिंतींना पुट्टी, एका बाजूला काचेचं शोकेस. आवाज शोषेल असं काहीच नाही. जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, धान्याची पोती हे काम आपसूक करायची. नव्या हॉलमध्ये मात्र महाग स्पीकर आणूनही शब्द चिरके ऐकू येतात आणि बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, नुसता घुमतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून पत्र्यासारखी झणझण आली तर पैसे खिशातच ठेवा, आधी खोलीचं काम करा.

इथेच पहिली चूक होते, ती म्हणजे भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा थर्मोकोल चिकटवणं. दोन्ही पातळ आणि हलके असल्याने फारसं काही शोषत नाहीत. जाडी हवी, आणि त्यासाठी कापसाच्या मुलखात काही विकत आणायची गरज नाही. जुनी, तीन-चार इंच जाडीची कापसाची गादी बाजूच्या भिंतीवर टांगा आणि मागे दोन इंच मोकळी जागा ठेवा. नेमकी जागा शोधायला तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल तिथे गादी. दुसऱ्या बाजूलाही तसंच. कापूस पेट घेतो, म्हणून प्लग आणि बोर्डापासून ती लांबच हवी. जमिनीवर तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये जाड सतरंजी पुरते.

घुमणारा बेस मात्र गादी-सतरंजीने जात नाही. बारा फूट लांबीत साधारण 47 हर्ट्झचा आणि दहा फूट रुंदीत 56 हर्ट्झचा सूर फुगतो. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर 56 वर दुहेरी फुगवटा येतो. उपाय जागा बदलण्याचा आहे. सोफा मागच्या भिंतीला चिकटवला तर बेस अंगावर येतो, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर तो गायब होतो. मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे या. सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) असेल तर तो तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यावर फिरा. जिथे बेस सारखा आणि स्वच्छ वाटेल, तीच सबवूफरची कायमची जागा.

स्पीकर शोकेसच्या खणात कोंबू नका. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, दोन्हींतलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर सारखं, ट्वीटर (बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर. गादीवर बसून ऐकत असाल तर ही उंची जेमतेम अडीच फूट भरते.

दोन स्पीकर असूनही बेस पोकळ आणि गायकाचा आवाज मधोमध येत नसेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलट लागलेली असते. वायर साधी 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची चालते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर घेऊ नका.

स्पीकरमधून सतत भुणभुण येत असेल तर ॲम्प्लिफायरला (आवाज वाढवून स्पीकरला देणारं यंत्र) बाहेरून आवाज आणणाऱ्या सगळ्या इनपुट वायरी काढा. तरीही आवाज राहिला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे. थांबला तर एकेक वायर जोडत जा. बऱ्याचदा सेट-टॉप बॉक्सची डिश केबलच दोषी सापडते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. भुणभुण थांबते म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापणं जिवावर बेतू शकतं, ते कधीच करू नका. आपल्या काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यातली मातीही सुकते आणि अर्थिंग कमकुवत होतं. त्या दिवसांत खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या तर तो बंद करून आधी वायरमनला बोलवा.

भुसावळच्या मे महिन्यात ॲम्प्लिफायरवर कपडा टाकणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. वर चार-पाच इंच मोकळी जागा हवीच. आवाज पूर्ण वाढवल्यावर फाटत असेल तर लगेच कमी करा, त्या फाटक्या आवाजातच ट्वीटर जळतो.

एवढं करूनही समाधान नसेल तरच खरेदी: आधी स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, केबल सगळ्यात शेवटी. आणि ऐकून पारख करताना कूलर बंद ठेवा. त्याच्या घरघरीत बारीक आवाज बुडतात आणि वारा थेट स्पीकरवर आला तर कागदी कोन ओल धरतो.