फेन्समध्ये सायकल काढताय? आधी वारा बघा, मग बाकीची तयारी

केंब्रिज, पीटरबरो बाजूला नवीन राहायला आलेले आपले बरेच जण सायकल घेतात आणि मग विचारतात की लांब कुठे जाऊ. मी फेन्सच सांगतो, म्हणजे पूर्व इंग्लंडातला हा दलदल उपसून केलेला सपाट मुलूख. केंब्रिजहून उत्तरेला ईली, लिटलपोर्ट, डाउनहॅम मार्केट करत किंग्ज लिनपर्यंत, नॅशनल सायकल नेटवर्कचा ११ नंबरचा रूट बराचसा याच बाजूने जातो, वळणं धरून ८० एक किलोमीटर, आणि चढ म्हणाल तर पूल तेवढे. पण जायच्या आधी हे वाचा, कारण मी एकदा नीट तयारी न करता गेलो आणि बरोबर पुण्याहून आलेल्या मावसभावालाही घेऊन गेलो, त्याचे जे हाल झाले ते मला अजून खुपतं.

पहिली गोष्ट वारा. पाऊस नाही, तापमान नाही, वारा. आम्ही आदल्या रात्री फोनवर बघितलं, सूर्याचं चित्र होतं, पावसाची शक्यता शून्य, झोपलो. वाऱ्याचा आकडा त्याच्याच खाली लिहिलेला होता, तो कोणी वाचलाच नाही. मार्चअखेर होती, नैऋत्येचा जोरदार वारा, आणि आम्ही निघालो उत्तरेला म्हणजे वारा पाठीवर. आता यातली मेख समजून घ्या: पाठचा वारा जाणवतच नाही. तुम्ही ताशी २५ ने चाललाय आणि वारा पाठून ताशी २० ने येतोय, तर तोंडावर हवा फक्त ५ ची लागते, सगळं शांत, वाटतं आज पायांत काय दम आहे. डाउनहॅम मार्केटला पावणेतीन तासांत पोचलो, जेवलो, फोटो काढले, आणि परत फिरलो. तोच २५ चा वेग समोरून २५ च्या वाऱ्यात ठेवायचा म्हटलं तर हवा ५० ची होते, म्हणजे वारा नसतानाच्या दुप्पट, आणि हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. डाउनहॅम ते लिटलपोर्ट, जेमतेम २० किलोमीटर, जवळजवळ दोन तास लागले. भावाची बोटं इतकी गारठली होती की त्याला बाटलीचं झाकण उघडेना. लिटलपोर्टच्या फलाटावर तो अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

आपण पुण्याची माणसं चढाला घाबरतो, सपाटीला नाही, तिथेच चुकतं. खंबाटकी चढताना माथा येणार हे माहीत असतं, माथ्यावर चहा आहे, पुढे उतार आहे. समोरच्या वाऱ्याला माथा नसतो. पॅडल थांबवलं की सायकल थांबते, एवढंच.

आणि हा वारा इथेच एवढा का, तर अडवायला काही नाही म्हणून. बाकी इंग्लंडात शेताला झुडपांचं कुंपण असतं, त्याच्या आडून जाता येतं, इथे कुंपणाच्या जागी पाण्याचे चर आहेत. ही सगळी मुळात दलदल, १७व्या शतकात व्हर्मायडेन नावाच्या डच इंजिनिअरने सरळसोट कालवे खणून उपसायला काढली. पाणी गेलं तशी खालची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, माती सुकून बसत गेली. पीटरबरोजवळच्या होम फेनला १८५१ च्या सुमाराला जमिनीत एक खांब पुरला होता, डोकं जमिनीबरोबर, तो आज सुमारे ४ मीटर बाहेर आलाय, म्हणजे जमीन तेवढी खाली गेलीये, तिथली जागा समुद्रसपाटीपेक्षा पावणेतीन मीटर खाली आहे. शेतं खाली बसली आणि रस्ते बांधासारखे वर राहिले, दोन्ही बाजूंना चर, आणि त्या बांधावर तुम्ही एकटे. विकेन फेनला जुनी पवनचक्की आहे ना, ती दळायची नाही, पाणी उपसायची. वाफेची इंजिनं येईपर्यंत इथलं पाणी वाऱ्यावर उपसलं जायचं. तिच्यासमोर उभं राहून तरी वारा कुठून येतोय ते बघा.

तर आदल्या रात्री करायचं काय. वाऱ्याची दिशा बघा आणि दिशा नीट वाचा. नैऋत्येचा वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा, शाळेत नैऋत्य मोसमी वारे शिकलोय तसंच, पण फोनवर बाण दिसला की माणसं उलटं धरतात. मग आकडा बघा, आणि झोतांचा वेगळा आकडा असतो तोही. इथे हे आकडे मैलात असतात. ताशी १० मैलांपर्यंत खुशाल जा, १५ ला दिशा बघूनच रूट ठरवा, २० च्या वर असेल तर फेन्समध्ये जाऊ नका, दुसऱ्या दिवशी जा, फेन्स कुठे जात नाहीत.

मग दिशा बघून रूट उलटसुलट करा, हेच आम्ही केलं नाही. इथे बहुतेक वेळा वारा नैऋत्येचा, तेव्हा केंब्रिजहून किंग्ज लिनला सायकलने जायचं आणि परत ट्रेनने यायचं. वसंतात कधीकधी ईशान्येचा गार वारा सुटतो, तेव्हा आधी ट्रेनने किंग्ज लिन गाठायचं आणि तिथून सायकल मारत घरी. ट्रेन घ्यायचीच नसेल, फेरी मारून घरीच यायचं असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, पाय ताजे असताना, आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलट कधीही करू नका. जाताना मजा आणि येताना वारा, हे कधीही नाही.

रेल्वे या सगळ्या रस्त्याच्या जवळूनच जाते: वॉटरबीच, ईली, लिटलपोर्ट, डाउनहॅम मार्केट, वॉटलिंग्टन, किंग्ज लिन. ही स्टेशनं पाठ करा. आम्हाला डाउनहॅमला स्टेशन आहे हेच माहीत नव्हतं, नाहीतर ते दोन तास वाचले असते. ऑफिसच्या वेळेतल्या काही गाड्यांत सायकल घेऊन चढू देत नाहीत, नियम आधी बघून ठेवा.

हेल्मेट, दिवे, पंक्चरचं सामान, पंप: हे सांगायला नको. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे बरे, कारण इथला रस्ता सपाट असला तरी गुळगुळीत नाही, खालची माती बसते तसा डांबराला लाटा येतात आणि कडेला लांब भेगा पडतात, पुढचं चाक त्यात अडकलं की बाजूला चर आहेच. उंच कडेचे फॅशनचे रिम घरी ठेवा, आडवा वारा आला की हँडल हातात राहत नाही, त्यात शेजारून ट्रक गेला की वारा क्षणभर थांबतो आणि मग परत थोबाडीत बसतो. चष्मा हवाच. एप्रिल-मेमध्ये शेतं उघडी असतात, जोराचा वारा सुटला की सुकलेली काळी माती उडते, डोळ्यांत गेली की रडत बसावं लागतं. शरद ऋतूत बीट काढतात, ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडत जातात, तो ओला असताना वळणावर ब्रेक दाबू नका. आणि वळणं काटकोनात असतात, प्रत्येक वळणानंतर वारा दुसऱ्या बाजूने येतो, हे डोक्यात ठेवा.

कपड्यांत वारा अडवणारं पातळ जॅकेट, ऊन असलं तरी. पूर्ण बोटांचे हातमोजे, मे महिन्यापर्यंत. हे भावासाठी मी घ्यायला हवे होते, त्याला इथल्या उन्हाची काय कल्पना असणार, मार्चमधलं ऊन त्याने पुण्याचं धरलं.

पाणी दोन बाटल्या. गावं लांब लांब आहेत आणि प्रत्येक गावात दुकान असतंच असं नाही, पब असला तरी दुपारी बंद असू शकतो. विकेन फेनला कॅफे आहे, ईली आणि लिटलपोर्टला दुकानं आहेत, त्यापुढे टेन माइल बँक गावाच्या बाजूला काही मिळेल असं धरूनच चालू नका. समोरच्या वाऱ्यात भूक दुप्पट लागते आणि खायला थांबलं की गारठा, म्हणून खिशात हाताला येईल असं ठेवा, चिक्की उत्तम.

रस्त्याबद्दल थोडं. ए१० या हमरस्त्यावर जाऊ नका, जवळचा दिसला तरी. केंब्रिजहून बॉटिशम आणि मग लोड्स वे हा सायकलचा रस्ता धरून विकेन (लोड म्हणजे इथले जुने कालवे), हा तुकडा फार सुंदर आहे, फक्त बरवेल लोडवरच्या पुलावर सायकल हाताने चढवावी लागते. पश्चिमेला वेल्नीकडे जायचं असेल तर हिवाळ्यात आधी पुराचं बघा, दोन बेडफर्ड नद्यांमधली जमीन मुद्दाम पाणी साठवायलाच ठेवलीये, ए११०१ हा रस्ता तिथे पाण्याखाली जातो आणि ओलांडायला दुसरी जागा जवळ नाही, फेरा पडतो, आणि तो फेरा वाऱ्याच्या तोंडावर असेल तर काय होतं ते वर सांगितलंय.

दोघं असाल तर जास्त दमाचा माणूस पुढे, दुसरा त्याच्या चाकाला धरून, आणि मागचा गप्प झाला तर थांबा. मी थांबलो नाही. ईलीचं कॅथीड्रल लांबून दिसायला लागतं, त्याचा मनोरा ६६ मीटरचा आणि आजूबाजूला सगळं सपाट, मैलोन्मैल दिसतं आणि जवळच येत नाही. "ते बघ, आलंच" असं कोणाला म्हणू नका.

सकाळी निघताना वारा परत एकदा बघा, रात्रीत बदलतो. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहा, मोबाईलची बॅटरी थंडीत उतरते. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. रेल्वे फाटकं बरीच, थांबा, घाई नको.

घरी आल्यावर चेन त्याच दिवशी धुवा, ती काळी माती वाळली की निघत नाही.