देवाचा न्याय आणि दया: बायबल अभ्यास घेताना या चुका टाळा

मुंबईतल्या घरगुती प्रार्थनासभा तासाभराच्या. सगळ्यांना लोकल गाठायची असते, म्हणून वचन अर्ध्यावर तोडलं जातं आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. 'पापाचे वेतन मरण आहे' हे पाठ असतं, पण रोमकरांस पत्र 6:23 तिथे संपत नाही. पुढे लगेच देवाचं कृपादान आहे. एका दमात वाचा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो निर्गम 34:6-7 ला. 32 व्या अध्यायात सोन्याच्या वासराचं पाप घडलं, दहा आज्ञांच्या पहिल्या पाट्या फुटल्या. दुसऱ्या पाट्या घेऊन मोशे डोंगरावर गेल्यावर देव स्वतःची ओळख सांगतो: दयाळू, मंदक्रोध, अपराधांची क्षमा करणारा आणि तरीही अपराध्याची गय न करणारा. योना 4:2 मध्ये संदेष्टा योना यातला दयेचाच भाग बोलतो, तोही तक्रारीच्या सुरात, कारण पश्चात्ताप केल्यामुळे अश्शूरचं निनवे शहर वाचलं. नहूम 1:3 त्याच निनवेला गय न करण्याचा भाग ऐकवतो. हे शहर इ.स.पूर्व 612 मध्ये पडलं. तिन्ही उतारे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून द्या. नुसता योना घेतला तर पश्चात्ताप स्वस्त होतो. नुसता नहूम घेतला तर आधीच धास्तावलेला माणूस पुढच्या सभेला येत नाही. अख्खा तास यात गेला तरी जाऊ द्या.

दुसरी चूक माणसाला दुखावते. पावसाळ्यात जुनी इमारत कोसळली की कुणीतरी म्हणतंच, 'काहीतरी पाप असणार.' लूक 13:4-5 काढा. बुरूज कोसळून 18 जण मेले, ते इतरांहून जास्त अपराधी होते का, या प्रश्नाला येशूचं उत्तर 'नाही' आहे. मात्र लगेच तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. तेही गाळू नका.

आजारी मुलाच्या आईसमोर निर्गम 34:7 मधले, बापाच्या पापाची शिक्षा 'तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत' हे शब्द काढणं तर क्रूरच. बापाचा दोष मुलावर येत नाही, असं यहेज्केल 18:20 स्पष्ट सांगतं. जन्मांध माणसाबद्दलचं योहान 9:3 सुद्धा तेच दाखवतं. हॉस्पिटलात भेटायला जाताना स्तोत्र 130 निवडा. आठच वचनं आहेत, पेशंट थकत नाही.

देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे विलापगीत 3:22-23 रोज सकाळी वॉट्सॲपवर फिरतं. अभ्यासात ते सुटं देऊ नका, 3:1 पासून 33 पर्यंत वाचा. उद्ध्वस्त यरुशलेमेचा आक्रोश ऐकल्याशिवाय त्या दोन वचनांतली आशा कळत नाही.