मातीच्या गोण्यांचं बांधकाम: घरी अवजारं बनवताना या चुका टाळा

नादर खलिली या इराणी-अमेरिकी वास्तुविशारदाने कॅलिफोर्नियात रुजवलेल्या या पद्धतीत मातीने भरलेल्या गोण्या थरावर थर रचून ठोकतात आणि दोन थरांमध्ये काटेरी तार घालतात. गोण्या, माती आणि काटेरी तार एवढंच मुख्य सामान लागतं. यंत्र नाही, म्हणून सगळा भार हातातल्या अवजारांवर. गोणी फाटली की लोक गोणीला दोष देतात. आधी धुम्मसचा, म्हणजे माती ठोकून बसवायच्या दांड्याच्या अवजाराचा, तळ उलटून बघा.

जुन्या प्लास्टिकच्या डब्यात काँक्रीट ओतून धुम्मस घरीच होतं. त्यात दांडा नुसता खुपसला तर लाकूड आकसून तो फिरायला लागतो. काँक्रीटमध्ये जाणाऱ्या टोकाला आडवेतिडवे खिळे ठोका, मगच ओता. दुसऱ्या दिवशी साचा काढून लगेच कामाला जुंपू नका. आठवडाभर तरी पाणी मारा, नाहीतर कडा ढासळतात आणि तुटलेली कड गोणी चिरते. तळाच्या कडा घासून गोलच करा, इथे आळस नको. वजन पाच ते सात किलो पुरे. जास्त जड केलं तर दुपारनंतर हात उचलत नाहीत आणि थर कच्चे राहतात. ठोकताना कान द्या: आधी भद्द आवाज येतो, माती बसली की टणक. खूप ठोकूनही आवाज बदलत नसेल तर बहुधा माती जास्त ओली आहे, धुम्मस बदलून उपयोग नाही.

भरलेली गोणी थेट काटेरी तारेवर ठेवली तर काटे तिला धरून ठेवतात. मग ती सरकवता येत नाही. मध्ये पत्रा ठेवायचा, गोणी नीट बसवायची आणि पत्रा ओढून घ्यायचा. १५ किलो तेलाचा रिकामा डबा कापून तो मिळतो. पण एकपदरी पत्रा वजनाखाली वाकून काट्यांतच अडकतो. दुहेरी दुमडा, कडा ठोकून सपाट करा, ओढायच्या बाजूला हाताला धरायला दुमड ठेवा. कापताना जाड हातमोजे हवेतच.

घुमट असेल तर मध्ये रोवलेल्या पाइपला बांधून त्रिज्या मोजायला नायलॉनची दोरी घेऊ नका. ती ताणली जाते आणि वर्तुळ थरागणिक बिघडतं. साखळी घ्या, आणि मधला पाइप दोन बाजूंनी ओळंबा लावून तपासा.

पातळीसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी स्वस्त आणि खात्रीची. आत बुडबुडा दिसला तर पाणी पुन्हा भरा, आणि दोन्ही तोंडांवरचे अंगठे काढल्याशिवाय खूण करू नका.