चौकट तीच, तावदान नवं

भुसावळचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे आणि पश्चिमेची खिडकी म्हणजे तवाच. सागवानी चौकट आजोबांच्या वेळची, ती काढायला मन होईना. म्हणून फक्त काचा बदलल्या.

जुनी काच ४ मिमीची, एकेरी. नवी दुहेरी मागवली: ४ मिमी काच, ६ मिमी पोकळी, पुन्हा ४ मिमी. एकूण जाडी १४ मिमी, पण खाच जेमतेम १० मिमीची. सुताराने आतली लाकडी पट्टी काढून बारीक पट्टी ठोकली, तेव्हा कुठे बसली. आमच्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत हे जमलं नसतं.

माप घेताना चारही बाजूंनी ३ मिमी सोडा आणि खाली रबराचे ठोकळे ठेवा. काच चिकटवायला आंबूस वासाचं सिलिकॉन मात्र नको, त्याने दुहेरी काचेची कड खराब होते, तो वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन घ्या.

खरं सांगायचं तर नुसत्या पोकळीने ऊन अडत नाही. बाहेरची काच उष्णता परतवणारी घेतली, फरक तिचा जास्त. संध्याकाळी काचेला हात लावता येतो आता. बाहेर वाळ्याचा पडदा मात्र आईने काढू दिला नाही.