सोनारला दोन प्रतिध्वनी एकच दिसतात? बँडविड्थ कमी असताना या चुका टाळा

उचगावच्या पुढे एका शेतात जांभ्यात खोदलेली विहीर आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे आम्ही दोन लोखंडी गोळे पाण्यात सोडले होते. मोठ्या बेअरिंगमधले, उद्यमबागेतल्या भंगारातून आणलेले. तंगुसाला बांधलेले, खोलीत बरोबर १० सेंटिमीटरचा फरक, आणि खालचा गोळा वरच्याच्या सावलीत जाऊ नये म्हणून जरा बाजूला. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र; त्याच्या लॅपटॉपवर मात्र एकच रुंद उंचवटा. काठावर बसलेले विहिरीचे मालक म्हणाले, "सर, गोळे दोन सोडलासा न्हवं? मग ह्येच्यात एकच कसा दिसुलालाय?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. बेळगाव-खानापूर भागातल्या तलाव-विहिरींचा तळ मोजण्याचा प्रकल्प घेऊन येणारी मुलं इथेच अडतात, आणि दोष बहुतेक वेळा नको तिथे शोधत बसतात.

कागदावरची बँडविड्थ धरून चालू नका

दोन वस्तू वेगळ्या दिसायला लागणारं किमान अंतर साधारणपणे ध्वनीचा वेग भागिले बँडविड्थची (यंत्र वापरतं त्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याच्या रुंदीची) दुप्पट एवढं असतं. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर जातो. आमचा ट्रान्सड्यूसर (विजेचा ध्वनी आणि ध्वनीची वीज करणारा, पाण्यात सोडायचा भाग) २०० किलोहर्ट्झचा, बँडविड्थ १० किलोहर्ट्झ. हिशेब साडेसात सेंटिमीटरचा येतो. मग १० सेंटिमीटरवरचे गोळे सुटे दिसायलाच हवे होते.

चूक अशी की ते १० किलोहर्ट्झ फक्त एका खेपेचे, म्हणजे नुसतं पाठवण्याचे किंवा नुसतं ऐकण्याचे आहेत. तोच ट्रान्सड्यूसर पाठवतो आणि तोच ऐकतो, म्हणजे त्याची चाळणी सिग्नलला दोनदा लागते. एकाच अनुनादावर चालणाऱ्या ट्रान्सड्यूसरची ३ डेसिबलची बँडविड्थ (शक्ती निम्म्यावर येईपर्यंतचा पट्टा) जाऊन-येऊन ६.४ किलोहर्ट्झच उरते. तिथे किमान अंतर ११.७ सेंटिमीटर होतं. यंत्र बरोबरच सांगत होतं.

यावर मुलं लगेच म्हणतात, नवा ट्रान्सड्यूसर घेऊ. थांबा. ३ डेसिबलच्या पलीकडे ट्रान्सड्यूसर मुका होत नाही, त्याचा आवाज फक्त बारीक होत जातो. आमच्या ट्रान्सड्यूसरला १७ किलोहर्ट्झ रुंदीचा चर्प (फ्रिक्वेन्सी सरकत जाणारा पल्स) दिला, तर दोन्ही कडांना सिग्नल जाता-येता मिळून १२ डेसिबलनी पडतो. पडतो, पण असतो. मग फिल्टरने त्या कडा उचलून पट्टा सपाट करायचा. किमान अंतर ४.४ सेंटिमीटरवर येतं. किंमत एवढीच की कडांवरचा नॉईजही (नको असलेली खरखर) १२ डेसिबलनी वर येतो. मर्यादित बँडविड्थ म्हणजे नॉईजच्या वर डोकं काढून असलेली बँडविड्थ, हे एकदा मनात बसलं की पुढची सगळी धडपड नॉईजकडे वळते, आणि ती तिथेच वळायला हवी.

कडा उचलताना नुसता भागाकार करू नका. जिथे सिग्नल जवळजवळ शून्य, तिथे भागल्यावर नॉईजचा डोंगर उभा राहतो. छेदात नॉईजच्या मापाचा एक स्थिरांक मिळवा; वीनर फिल्टरचं मर्म तेच आहे.

नॉईज कमी करताना हात हलतो

१६ पिंगांची (एकेका पाठवलेल्या पल्सच्या नोंदींची) फेज सांभाळून, म्हणजे लाटा एकमेकींवर जुळवून, सरासरी घेतली की नेमका १२ डेसिबलचा फायदा होतो. आमचा झाला नाही, उलट उंचवटा आणखी पसरला. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. २०० किलोहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी साडेसात मिलिमीटर असते. ट्रान्सड्यूसर १.९ मिलिमीटर वर-खाली झाला तरी येण्या-जाण्याचा मार्ग अर्ध्या तरंगलांबीने बदलतो आणि दोन पिंग एकमेकांना पुसून टाकतात. आमच्याकडे एक मुलगा दोरी हातात धरून उभा होता! विहिरीवर आडवा लोखंडी अँगल टाकून ट्रान्सड्यूसर त्याला आवळला, तेव्हा सरासरी लागू पडली. होडीतून मोजत असाल तर आधी पिंग एकमेकांशी जुळवून घ्या, मगच बेरीज करा.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जरमधल्या स्विचिंगच्या हार्मोनिक्स कधीकधी नेमक्या आपल्या पट्ट्यात येऊन बसतात. गोळे साबणाच्या पाण्यात बुडवून मग सोडा, नाहीतर त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे स्वतःचेच प्रतिध्वनी देतात. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरूनही बोट फिरवून घ्या.

मॅच्ड फिल्टरला खरा पल्स द्या

मॅच्ड फिल्टर आलेल्या नोंदीत संदर्भाच्या पल्सचा आकार शोधतो. कोडमध्ये तयार केलेला चर्पच संदर्भ म्हणून वापरणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. पाण्यातून परत येतो तो पल्स ट्रान्सड्यूसर आणि अँप्लिफायर यांनी बदललेला असतो, आणि कडा किती उचलायच्या तेही त्यालाच ठाऊक. तो पकडायचा सोपा उपाय विहिरीतच आहे. पाणी स्थिर असताना ट्रान्सड्यूसर खोल सोडा, तोंड वर करा आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा प्रतिध्वनी नोंदवा. पाणी-हवेची सीमा जवळजवळ सगळा ध्वनी परत फेकते, फक्त चिन्ह उलटं होतं, ते कोडमध्ये फिरवून घ्या. हा प्रतिध्वनी फार जोरकस असतो, म्हणून गेन (अँप्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो ते) आधी उतरवा. शेंडा कापला गेला तर ती नोंद टाकून द्या.

चर्प लांब केला की ऊर्जा वाढते, पण पाठवताना ऐकता येत नाही. ४ मिलिसेकंदांचा चर्प म्हणजे तोंडापासून ३ मीटर आंधळे. उथळ तलावात तळच त्यात जातो. तिथे १ मिलिसेकंदावर या. आंधळा पट्टा ७५ सेंटिमीटरवर येतो.

नसलेला गोळा

सपाट पट्ट्याच्या चर्पला मॅच्ड फिल्टर लावला की मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना सुमारे १३ डेसिबल खाली साइडलोब, म्हणजे छोटे खोटे उंचवटे, उभे राहतात. त्यालाच तिसरा गोळा समजून अहवालात लिहिलेलं मी पाहिलंय. हॅमिंग विंडो (पट्ट्याच्या कडा हळूहळू उतरवणारा गुणक) लावा. शिखर साधारण दीडपट रुंद होईल, म्हणजे ४.४ चे साडेसहा सेंटिमीटर, तरीही आमचे १० सेंटिमीटरवरचे गोळे सुटे राहतात. आमच्या पडद्यावर ते तेव्हाच सुटे झाले, आणि मालकांनी स्वतः वाकून दोन शेंडे मोजले.

सॅम्पलिंग रेट (सेकंदाला घेतलेल्या नोंदींची संख्या) वाढवून किंवा नोंदीला शून्यं जोडून आलेख गुळगुळीत होतो आणि एकट्या शिखराची जागा नेमकी वाचता येते. दोन मिसळलेले प्रतिध्वनी त्याने सुटत नाहीत. तापमानाचंही तसंच: २० अंशांना वेग १,४८२ होतो, म्हणजे १ टक्का फरक. ५ मीटर खोलीत ५ सेंटिमीटरची चूक होईल, पण गोळ्यांमधल्या अंतरात फक्त १ मिलिमीटर.

राहिल्या म्युझिक किंवा मॅचिंग पर्सूटसारख्या सुपर-रिझोल्यूशन पद्धती, म्हणजे बँडविड्थच्या मर्यादेहून जवळचे प्रतिध्वनी सुटे करणारी गणितं. पल्स नेमका माहीत असेल आणि सिग्नल नॉईजच्या बराच वर असेल तर त्या खरोखर ४.४ च्याही खाली नेतात. पण प्रतिध्वनी किती आहेत हे आपण सांगतो, आणि म्युझिकला दोन सांगितले तर ती दोन काढून दाखवणारच. म्हणून निकाल खरा धरण्याआधी खालचा गोळा वर ओढून घ्या, बाकी काहीही न बदलता पुन्हा मोजा. तरीही पडद्यावर दुसरा प्रतिध्वनी त्याच जागी आला, तर परत पृष्ठभागाच्या प्रतिध्वनीपासून सुरुवात करा.