चित्राचे पैसे की वापराचे? कॉलेज संपवून इलस्ट्रेशनमध्ये येणाऱ्यांसाठी

३०० डीपीआय, सीएमवायके, ३ मिलिमीटर ब्लीड हे छपाईसाठी फाइल तयार करायचं सगळं तुम्हाला येतं असं धरतेय, नसेल येत तर एका दुपारी येईल. मला बोलायचंय राइट्सबद्दल, म्हणजे चित्र कोण, कुठे, किती काळ वापरू शकतं या हक्कांबद्दल, कारण त्यात माझी चांगलीच जिरलीय आणि ते चित्र कुठे दिसलं की अजून डोकं फिरतं.

एका पुस्तकाचं कव्हर केलं होतं. मेलमध्ये खाली एक ओळ होती, सगळे हक्क कायमचे आमच्याकडे, मी खुशीत ओके टाकलं. मग तेच चित्र कॅलेंडरवर, वहीवर, जाहिरातीत, आणि मला वरचा एक पैसा नाही, भांडायला तोंडही नाही.

तर नीट ऐका. आपण रेट काढतो तो किती दिवस लागतील यावरून, पण क्लायंट पैसे देतो ते वापराचे. म्हणून आधी विचारायचं की कुठे वापरणार (छापील, वेब, की वस्तूंवर), किती वर्षं, कुठल्या देशांत, आणि फक्त तुम्हीच वापरणार की मी दुसऱ्यालाही देऊ शकते. चारही उत्तरं लेखी. फोनवर ठरलं म्हणजे काहीच ठरलं नाही! बर्न करार हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, १८८६ चा आहे, त्यातल्या देशांत चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही (नोकरीत काढलेलं सहसा कंपनीचं, ते वेगळं). कोणी ओरिजिनल विकत घेतलं तरी तेवढ्याने छापायचा हक्क त्याच्याकडे जात नाही. तो सहसा आपणच लेखी देऊन टाकतो. लोगो किंवा मॅस्कॉटला (कंपनीची ओळख बनणारं पात्र) सहसा सगळे हक्क द्यावे लागतात, ठीक आहे, पण मग रेटही तसाच तगडा लावा.

करेक्शनचे राउंड किती आणि काम मध्येच रद्द झालं तर किती पैसे, हेही त्याच मेलमध्ये.

पोर्टफोलिओत सगळं कोंबू नका. मुलांची पुस्तकं करायची असतील तर एकच पात्र पाच-सहा प्रसंगांत तेच वाटतंय हे दाखवा, ३२ पानांच्या पुस्तकात पात्र मध्येच बदलेल हीच आर्ट डायरेक्टरला (प्रकाशकाकडे चित्रांचं काम बघणारा) धास्ती असते. आणि पैसे घेऊन स्टाइल शोधून देणारे मेंटर, सॉरी, माझा विश्वास नाही. तुमच्यापेक्षा दोन वर्षं आधी लागलेली एखादी सिनियर, जी तिचं जुनं कॉन्ट्रॅक्ट दाखवेल, ती धरा.

सुरुवातीला काम कमी येतं, येतंच, महिनोन्महिने मेलला उत्तर नसतं, त्यात तुमच्या चित्राचा दोष असतोच असं नाही. साइड जॉब करा, लाज कसली. हक्कांचं विचारायला जीभ अडखळत असेल तर एवढंच टाका: "कोटेशन देण्याआधी चित्र कुठे आणि किती काळ वापरणार ते कळवाल का?" बहुतेक जण सरळ उत्तर देतात. जे चिडतात त्यांच्याकडून ॲडव्हान्स आल्याशिवाय रफ, म्हणजे कच्चं स्केचसुद्धा पाठवू नका.